एक शाळा, अनेक पालक : जे. जे.च्या वास्तुकला शिक्षणाची प्रशासकीय कहाणी

सन १८५७ मध्ये मुंबईत दोन शिक्षणसंस्था जन्माला आल्या. मार्च महिन्यात सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून उभी राहिलेली कलाशाळा सुरू झाली आणि जुलैमध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. एकीचे आवार आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर आहे, तर दुसरीचा राजाबाई मनोरा तिथून पायी वीस मिनिटांवर. इतक्या शेजारी राहूनही या दोन संस्थांची अधिकृत सोयरीक जमायला पंचाण्णव वर्षे लागली. कलाशाळेतील वास्तुकला शाखा १९५२ मध्ये विद्यापीठाला संलग्न झाली. चित्र आणि शिल्प शिकणाऱ्यांना तर त्यासाठी १९८१ पर्यंत थांबावे लागले. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘सर जे. जे. कला, वास्तुकला आणि अभिकल्प’ हे अभिमत विद्यापीठ अस्तित्वात आले आणि वास्तुकला शाखेची विद्यापीठाशी असलेली एकाहत्तर वर्षांची सोयरीक संपण्याच्या वाटेला लागली.

परदेशात स्थायिक झालेल्या अनेक मराठी वास्तुविशारदांच्या भिंतीवरील पदवीपत्रावर मुंबई विद्यापीठाची मुद्रा आहे. जे. जे.च्या आवारातून यापुढे बाहेर पडणाऱ्या पिढीच्या पदवीवर ती नसेल. वरकरणी हा कागदावरील शिक्क्याचा बदल वाटतो. परंतु या शाळेचा गेल्या शतकभराचा इतिहास पाहिला, तर प्रत्येक वेळी शिक्का बदलला तेव्हा शाळेत काय शिकवायचे, कोणी शिकवायचे आणि कोणासाठी शिकवायचे, याची उत्तरेही बदललेली दिसतात. ही उत्तरे ठरवण्याचा अधिकार मात्र शाळेकडे जवळजवळ कधीच नव्हता. म्हणूनच ही प्रशासकीय कहाणी नीट समजून घेण्यासारखी आहे.

शब्दाबद्दल एक खुलासा आधीच करतो. या महाविद्यालयाच्या मराठी नावात ‘वास्तुशास्त्र’ हा शब्द रूढ आहे. हल्ली तो शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात स्वयंपाकघराची दिशा आणि देवघराचा कोपरा उभा राहतो. त्यामुळे या लेखात सर्वत्र ‘वास्तुकला’ हाच शब्द वापरला आहे.

आरंभ : कारागिरांचा वर्ग

कलाशाळेच्या स्थापनेमागचा हेतू आजच्या अर्थाने कलावंत घडवण्याचा नव्हता. हस्तकौशल्याला वळण लावावे आणि उद्योगाला रेखांकन जाणणारी माणसे मिळावीत, ही त्यामागची अपेक्षा. १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग वास्तुशिल्प शिकवण्यासाठी येथे आले. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांचा पुत्र रडयार्ड याच आवारात जन्मला. मुंबईच्या भव्य सार्वजनिक इमारतींवरील पाने, फुले, पशुपक्षी कोरणाऱ्या हातांना या शाळेत वळण मिळाले. म्हणजे इमारतींशी शाळेचे नाते पहिल्यापासूनचे. पण ते नाते इमारत सजवण्याचे होते, ती कल्पण्याचे नव्हते. कल्पना करण्याचे काम विलायतेतून आलेल्या वास्तुविशारदांचे आणि सरकारी अभियंत्यांचे मानले जाई.

वास्तुकलेचे वर्ग सुरू झाले तेही याच चौकटीत. सरकारी आणि खासगी कचेऱ्यांना आराखडे काढणारे, म्हणजे ड्राफ्ट्समन, हवे होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या वर्गांना अनेक वर्षांच्या रीतसर अभ्यासक्रमाचे रूप येऊ लागले. त्या घडणीवर सरकारच्या सल्लागार वास्तुविशारद या पदावरील माणसांची छाप होती. जॉन बेग यांनी मुंबईचे जनरल पोस्ट ऑफिस रचले आणि त्यांच्यामागून त्या पदावर आलेल्या जॉर्ज विटेट यांनी गेटवे ऑफ इंडिया. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर रॉबर्ट केबल यांच्या रूपाने शाखेला पूर्णवेळ प्राध्यापक लाभले.

प्रशासकीयदृष्ट्या मात्र ही शाखा कलाशाळेचा एक विभाग होती. विभागप्रमुखाच्या वर कलाशाळेचा प्राचार्य, त्याच्या वर सरकारचे शिक्षण खाते. परीक्षा सरकारी आणि पदविकाही सरकारी. जुन्या मुंबईतील वास्तुविशारदांच्या पाट्यांवर नावापुढे ‘जी. डी. आर्क.’ ही अक्षरे दिसत. त्यातील ‘जी’ म्हणजे गव्हर्नमेंट.

ही शाखा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात न निघता कलाशाळेत निघाली, ही गोष्ट किरकोळ नाही. वास्तुकलेला कोणत्या घराच्या ओसरीवर जागा मिळते, यावर तिचा स्वभाव ठरतो. अमेरिकेत वास्तुकलेचे पहिले विद्यापीठीय शिक्षण एमआयटी या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत सुरू झाले. १८६५ मध्ये विल्यम वेअर यांची तेथे नेमणूक झाली आणि १८६८ मध्ये वर्ग भरू लागले. त्याच वेअर यांनी १८८१ मध्ये कोलंबियात वास्तुकलेचा अभ्यासक्रम उभा केला, तो तर खाणकामाच्या शाळेत! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १८४१ मध्येच टी. एल. डोनाल्डसन हे वास्तुकलेचे प्राध्यापक झाले होते. या साऱ्या ठिकाणी वास्तुकला विद्यापीठाच्या किंवा तंत्रशाळेच्या दारातून आत आली. मुंबईत ती चित्रकारांच्या दारातून आली. त्यामुळे जे. जे.च्या विद्यार्थ्याच्या हातातील रेषेचा दरारा पुढे कित्येक दशके टिकला. पण त्याच कारणाने पदवीचा मान मिळायलाही तितकीच दशके लागली.

बॅटली यांची वीस वर्षे

क्लॉड बॅटली १९२३ ते १९४३ या काळात या शाखेचे प्रमुख होते. मुंबईतील नामांकित ग्रेगसन, बॅटली अँड किंग या व्यवसायसंस्थेचे ते भागीदार. मलबार हिलवरील जिना यांचे निवासस्थान त्यांनीच रचले. सरकारी शाळेचा प्रमुख स्वतः भरभरून व्यवसाय करतो आहे, हे आजच्या नियमांत बसवणे अवघड. त्या काळी ती सोय होती आणि शाळेने तिचा पुरेपूर लाभ उठवला. सकाळी इमारतीच्या कामावर पाहिलेली अडचण दुपारी वर्गात चर्चेला येऊ शकत होती.

बॅटली यांनी विद्यार्थ्यांना देशातील जुन्या वास्तूंची मोजमापे घ्यायला लावली. या मोजमापांच्या रेखाटनांतून १९३४ मध्ये भारतीय वास्तुकलेतील रचनाविकासावरचा ग्रंथ सिद्ध झाला. शासनाच्या अभ्यासक्रमात हे लिहिलेले होते म्हणून घडले, असे मला वाटत नाही. प्रमुखाला मोकळीक होती आणि त्याला ती वापरता आली, म्हणून ते घडले.

या मोकळिकीच्या मर्यादाही त्याच काळात दिसतात. तिसाच्या दशकाच्या आरंभी, मंदीच्या दिवसांत, सरकारी खर्चकपातीच्या विचारात कलाशाळाच बंद करण्याची शिफारस पुढे आली. विरोध झाला, शाळा वाचली. परंतु देणगीतून जन्मलेल्या शाळेचे आयुष्य आता अंदाजपत्रकातील एका ओळीवर अवलंबून आहे, हे उघड झाले. दुसरा प्रसंग १९४२ चा. श्रीलंकेच्या मिनेट डिसिल्वा तेव्हा येथे शिकत होत्या. गांधीजींच्या सुटकेसाठी निघालेल्या मोर्चात त्या सामील झाल्या. माफी मागण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना शाळेतून काढण्यात आले. पुढे त्यांनी लंडनमध्ये शिक्षण पूर्ण केले आणि १९४८ मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटच्या सहसदस्य होणाऱ्या त्या पहिल्या आशियाई महिला ठरल्या. याच शाळेतून १९३६ मध्ये पेरीन मिस्त्री पदविका घेऊन बाहेर पडल्या होत्या. भारतात वास्तुकलेचे शिक्षण पूर्ण करणारी पहिली महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. एकीला शाळेने घडवले आणि दुसरीला बाहेर काढले, ती शाळा एकच होती. सरकारी शाळा म्हणजे काय, याचे उत्तर या दोन नावांत मिळते.

व्यवसायाने संघटित होणे हेसुद्धा याच आवारातून सुरू झाले. १९१७ मध्ये येथील माजी विद्यार्थ्यांनी वास्तुकला विद्यार्थ्यांची संघटना स्थापन केली आणि विटेट तिचे पहिले अध्यक्ष झाले. नावे बदलत बदलत १९२९ मध्ये तिचीच ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ झाली. म्हणजे भारतातील वास्तुविशारदांची राष्ट्रीय संस्था ही मुळात मुंबईच्या एका विभागातील माजी विद्यार्थ्यांची मंडळी! व्यवसायाला आपले घर मिळाले तेव्हा शाळा मात्र अजून दुसऱ्याच्या घरातील एक खोली होती.

पदवी आली, घर विभागले

स्वातंत्र्यानंतर दोन निर्णय जवळजवळ पाठोपाठ झाले. १९५२ मध्ये वास्तुकला शाखा मुंबई विद्यापीठाला संलग्न झाली आणि सरकारी पदविकेची जागा पदवीने घेण्याचा मार्ग मोकळा झाला. १९५८ मध्ये मूळ कलाशाळेचे त्रिभाजन होऊन कला महाविद्यालय, उपयोजित कला संस्था आणि वास्तुकला महाविद्यालय अशा तीन संस्था झाल्या.

पहिल्या निर्णयाने प्रतिष्ठा दिली यात शंका नाही. पदवीमुळे उच्च शिक्षणाची, विशेषतः परदेशी शिक्षणाची दारे सुकर झाली. त्याची किंमत अशी की, अभ्यासक्रम आता विद्यापीठाच्या अभ्यासमंडळात ठरू लागला. मुंबईत पुढे इतरही वास्तुकला महाविद्यालये निघाली आणि सर्वांना एकच अभ्यासक्रम, एकच परीक्षापद्धती लागू झाली. वास्तुकलेच्या स्टुडिओत विद्यार्थ्याचे काम आठवड्यागणिक बदलते, चुकते, सुधारते. वर्षाअखेरच्या बाह्यपरीक्षकाला त्यातले शेवटचे पान तेवढे दिसते. शेकडो महाविद्यालये आणि लाखो विद्यार्थी सांभाळणाऱ्या विद्यापीठाला याहून वेगळे काही करणे जमणेही कठीण होते.

दुसऱ्या निर्णयाचे परिणाम अधिक खोल गेले, असे माझे मत आहे. विभाजनानंतर वास्तुकला महाविद्यालय तंत्रशिक्षण संचालनालयाच्या अखत्यारीत गेले. उरलेल्या दोन संस्थांसाठी १९६५ पासून कला संचालनालय आले. आवार एक, झाडे तीच, फाटक तेच. पण प्राचार्य तीन आणि संचालनालये दोन. चित्रकाराच्या दारातून आत आलेली वास्तुकला प्रशासनाच्या नकाशावर अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राच्या शेजारी जाऊन बसली. शेजारच्या इमारतीतील शिल्पकला विभागात जाऊन एखादा विषय शिकावा आणि त्याचे गुण आपल्या गुणपत्रिकेत यावेत, ही साधी गोष्ट कागदोपत्री अशक्यप्राय झाली. प्राध्यापकांच्या नेमणुका लोकसेवा आयोगामार्फत होऊ लागल्या. त्या पद्धतीत पारदर्शकता आहे. पण जाहिरातीपासून नियुक्तीपर्यंतचा तिचा वेग बॅटलींसारख्या व्यवसायात गढलेल्या माणसाला शाळेकडे ओढून आणणारा नाही.

हे सारे ज्या विद्यार्थ्यांनी सोसले, त्यांनीच त्याचा एक मोठा लाभही घेतला, हेही नोंदवले पाहिजे. सरकारी महाविद्यालय असल्याने शुल्क खासगी संस्थांच्या मानाने फारच कमी राहिले. कोकणातून, विदर्भातून, मराठवाड्यातून आलेल्या मुलांना मुंबईच्या मध्यभागी वास्तुकला शिकता आली ती या व्यवस्थेमुळे.

पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी १९४७ मध्ये जे. जे.त दाखल झाले आणि शिक्षण पूर्ण न करताच लंडनला गेले. तेथून ते पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्याकडे पोहोचले. २०१८ मध्ये प्रिट्झकर पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय ठरलेल्या या वास्तुविशारदाकडे जे. जे.ची पदविका नव्हती. १९६२ मध्ये त्यांनी अहमदाबादेत वास्तुकलेची शाळा काढली. एका खासगी शिक्षणसंस्थेच्या पाठबळावर उभी राहिलेली ही शाळा वाढत जाऊन २००५ मध्ये गुजरातच्या कायद्याने सेप्ट विद्यापीठ झाली. दिल्लीची वाट आणखी निराळी. १९४१ मध्ये दिल्ली पॉलिटेक्निकमधील एक विभाग, १९५९ मध्ये स्वतंत्र स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, १९७९ मध्ये अभिमत विद्यापीठ आणि अखेर २०१४ च्या संसदीय कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था. देशातील वास्तुकला शिक्षणाची सर्वांत थोरली संस्था स्वायत्ततेच्या शर्यतीत या दोघींच्या कितीतरी मागून आली.

दोन परिषदा आणि कोल्हापूरचा खटला

मध्यंतरी आणखी एक पालक घरात आला होता. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने वास्तुकला परिषद, म्हणजेच कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर, स्थापन झाली. ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावायची तर परिषदेकडे नोंदणी हवी आणि नोंदणीसाठी मान्यताप्राप्त पदवी हवी. शिक्षणाचे किमान निकष ठरवण्याचे काम ओघानेच परिषदेकडे आले. मग १९८७ च्या कायद्याने अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद अस्तित्वात आली आणि तिच्या कायद्यातील तंत्रशिक्षणाच्या व्याख्येत अभियांत्रिकी, व्यवस्थापन यांच्याबरोबर वास्तुकलेचाही उल्लेख झाला. एकाच महाविद्यालयाची तपासणी करायला दोन परिषदा येऊ लागल्या. वर विद्यापीठ आणि राज्याचे संचालनालय होतेच.

हा पेच सुटला तो महाराष्ट्रातीलच एका खटल्यामुळे. कोल्हापूरच्या श्री प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊस या संस्थेच्या वास्तुकला महाविद्यालयाने प्रश्न उपस्थित केला की, आम्हांला नेमकी कोणाची मान्यता लागते? मुंबई उच्च न्यायालयाचा कौल महाविद्यालयाच्या बाजूने लागला. तंत्रशिक्षण परिषद अपिलात गेली. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०१९ रोजी निकाल दिला. वास्तुकलेच्या शिक्षणाबाबत १९७२ चा विशेष कायदा आणि त्याखालील परिषद यांचाच अधिकार चालेल, असा त्याचा आशय होता. निकालाला जवळपास पंधरा वर्षे लागली. त्या काळात देशभरातील महाविद्यालयांनी दोन्ही परिषदांचे नमुने भरले, दोन्हीकडच्या तपासणी पथकांची सरबराई केली आणि दोन्ही मापांत बसण्याचा प्रयत्न केला. वास्तुकला हे तंत्र की कला, हा बेग आणि विटेट यांच्या काळापासूनचा वाद न्यायालयाने तत्त्वज्ञानाच्या अंगाने सोडवला नाही. कायद्याच्या अर्थनिर्णयाने सोडवला. पण वास्तुकलेला अभियांत्रिकीच्या रांगेतून बाहेर काढण्याचे काम त्याने केले, एवढे खरे.

अभिमत म्हणजे नेमके काय

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील तिसऱ्या कलमानुसार केंद्र सरकार एखाद्या संस्थेला विद्यापीठसदृश दर्जा देऊ शकते. त्यालाच मराठीत ‘अभिमत विद्यापीठ’ म्हणतात. माटुंग्याचे यूडीसीटी याच मार्गाने २००८ मध्ये मुंबई विद्यापीठातून बाहेर पडून रसायन तंत्रज्ञान संस्था झाले. जे. जे.ला ‘डी नोव्हो’ या गटात हा दर्जा मिळाला आहे. १८५७ मध्ये सुरू झालेल्या संस्थेला ‘नव्याने’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांखाली मान्यता मिळावी, यातली गंमत जाणकारांच्या नजरेतून सुटलेली नाही.

या दर्जामुळे अभ्यासक्रम ठरवणे, परीक्षा घेणे आणि पदवी देणे हे तीन अधिकार प्रथमच आवाराच्या आत आले. १९५८ मध्ये वेगळ्या झालेल्या तीन भावंडांना पुन्हा एका छपराखाली आणणारी चौकटही तयार झाली. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला शिल्पकलेचा किंवा मुद्रणकलेचा विषय घेता यावा, एवढे जरी साधले तरी त्रिभाजनाने केलेले नुकसान काही अंशी भरून निघेल.

शंकाही तितक्याच खऱ्या आहेत. राज्य सरकारने जे. जे.साठी स्वतंत्र राज्य विद्यापीठाचा कायदा करावा, अशी मागणी माजी विद्यार्थ्यांतील एका मोठ्या गटाने लावून धरली होती. अभिमत दर्जा म्हणजे हळूहळू वाढणारे शुल्क आणि आक्रसणारी सरकारी जबाबदारी, अशी त्यांची भीती. राज्य विद्यापीठाला विधिमंडळापुढे उत्तर द्यावे लागते, तर अभिमत विद्यापीठाचा कारभार प्रामुख्याने आयोगाच्या नियमावलीने चालतो. सरकारी प्राध्यापकांची पदे कोणत्या सेवेत राहणार, रिक्त जागा कोण भरणार, आवारातील वारसा इमारतींच्या दुरुस्तीचा खर्च कोणत्या खात्यातून होणार, हे प्रश्न कोरडे वाटतात. पण गावाकडून आलेल्या मुलीला पाच वर्षांचे वास्तुकलेचे शिक्षण परवडणार की नाही, हे यांच्याच उत्तरांवर ठरणार आहे. माझ्या मते शुल्काचा प्रश्न स्वायत्ततेच्या प्रश्नाइतकाच मोलाचा आहे. स्वायत्तता मिळाली आणि मुलेच बदलली, तर जे. जे. हे नाव उरेल, ती शाळा नव्हे.

परदेशातील वाचकांना यात एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. अभिमत दर्जा मिळाला तरी वास्तुकला परिषदेची चौकट सुटत नाही. १९७२ च्या अधिनियमाच्या चौदाव्या कलमानुसार मान्यताप्राप्त पदव्या अधिनियमाच्या अनुसूचीत नमूद असतात. नवी पदवी देणाऱ्या संस्थेला केंद्र सरकारकडे अर्ज करावा लागतो आणि परिषदेशी विचारविनिमय करून सरकार अधिसूचनेद्वारे तिचा अनुसूचीत समावेश करते. त्या नोंदीवरच पदवीधराची ‘आर्किटेक्ट’ म्हणून नोंदणी अवलंबून असते. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये परवान्यासाठी भारतीय पदवीचे मूल्यमापन करून घेताना पदवी कोणत्या संस्थेची, तिला मान्यता कोणाची आणि विषयवार तपशील काय, हे विचारले जातेच. मुंबई विद्यापीठाचे नाव असलेल्या जुन्या पदव्यांना या बदलाने बाधा येत नाही. नव्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या आपल्या भाच्यांना आणि पुतण्यांना मात्र प्रवेशाच्या दिवशी एक प्रश्न अवश्य विचारायला सांगावे : पाच वर्षांनी हाती येणाऱ्या पदवीचे नेमके नाव काय, आणि ते अनुसूचीत आले आहे का?